नारिंगी पापुद्रा

१

विठ्ठलरावांना गोळी घातली, ही बातमी सरकारी दवाखान्यात प्रेताच्या आधी पोचली. गोळी कुणी घातली तेही बातमीबरोबरच आलं. आप्पारावांनी. दुसरं कोण घालणार? बारा गावांच्या सहकारी दूध संघाची निवडणूक तोंडावर आलेली, विठ्ठलराव संघाचे चेअरमन, आप्पाराव त्यांच्याविरुद्ध दंड थोपटून उभे, आणि साऱ्या पट्ट्यात परवान्याची बारा बोअरची बंदूक एकट्या आप्पारावांच्या घरी. लोकांनी एवढ्यावर खटला चालवून निकालही देऊन टाकला होता. फाशी की जन्मठेप, एवढाच काय तो वाद दवाखान्यासमोरच्या टपरीवर उरला होता.

डॉक्टर शिवकन्या आघाव टपरीवरचे निकाल मानत नसत. खरं तर त्या फारसं कुणाचंच काही मानत नसत. आईबाप ऊसतोडीला जात, बाई जन्मल्या त्या उसाच्या फडाशेजारच्या पाचटाच्या कोपीत, आणि ही गोष्ट त्या नव्या माणसाला ओळख झाल्याझाल्या ऐकवत, तीही मान वर करून. मेडिकलला शवविच्छेदनात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. पाटोद्याच्या बाजूला बदली झाली तेव्हा बरोबरीचे हळहळले. बाई मात्र खूश होत्या. आपल्या मुलखातल्या मेलेल्या माणसाची शेवटची साक्ष आपल्याच मुलखातल्या माणसानं ऐकावी, असं त्यांना मनापासून वाटे.

दुष्काळाचं ते दुसरं वर्ष. तलाव आटला होता आणि त्याच्या कोरड्या पोटातच संघानं जनावरांची छावणी उभारली होती. वैरणीला गेवराईकडून उसाचे ट्रक येत, पाणी टँकरचं. टँकरचा हॉर्न वाजला की माणसं हातातलं टाकून घागरी उचलत आणि रस्त्याकडे पळत. छावणीत मग जनावरांशिवाय कुणी उरत नसे. त्या सकाळीही छावणी अशीच रिकामी झाली. त्याच सुमाराला कुठंतरी बार वाजला. माणसं घागरी भरून परतली तर पत्र्याच्या ऑफिससमोर विठ्ठलराव उताणे पडलेले, आणि धाकटा भाऊ सुंदरराव त्यांचं डोकं मांडीवर घेऊन ओरडत होता, "दादाला गोळी घातली रे!"

आता विठ्ठलराव टेबलावर होते आणि फौजदार बंकट तांदळे नाकाला रुमाल लावून टेबलाच्या पलीकडे उभे होते.

"जखम तर समोरच आहे, मॅडम. गोल भोक. लिहा आणि मोकळ्या व्हा."

जखम खरंच गोल होती. उजव्या बरगडीच्या खाली, नाण्याएवढी, कडेनं कातडी घासून तपकिरी झालेली. गोळी आत शिरताना कातडीला अशीच कड पाडते. शिवकन्याबाईंनी प्रेत कुशीवर वळवून पाठ पाहिली. पाठीला कडब्याचा भुसा चिकटला होता. बाहेर पडल्याची जखम कुठंच नव्हती.

"मग गोळी आतच असंल," फौजदार म्हणाले.

बाईंनी एक्स-रे काढला आणि प्लेट खिडकीच्या उजेडात धरली. बराच वेळ धरली.

"बंकटराव," त्या म्हणाल्या, "आत गोळी नाही. छर्रा नाही. काहीच नाही."

२

फौजदारांचा चेहरा पडला. आप्पारावांना बोलावणं धाडून झालं होतं, वरच्या साहेबांना फोनही झाला होता.

"छर्रे पडून गेले असतील कुठंतरी," ते म्हणाले.

"पोटातून? कुठल्या वाटेनं?" शिवकन्याबाईंना आता रंग चढला. "हे बघा. बारा बोअरचा बार लांबून आला तर छर्रे पांगतात, अंगाची चाळण होते. असं एकच भोक पडायचं तर बंदूक अगदी जवळ पाहिजे. आणि जवळून बार झाला तर सदरा जळतो, कातडीवर काजळी बसते, दारूचे कण आत रुततात. हा सदरा बघा. जळालाय कुठं? नुसता टरकलाय, आणि धागे आत ढकलले गेलेत."

"पण..."

"आणि वाट बघा. शिरलंय खालून आणि गेलंय वर, काळजाच्या दिशेनं. आप्पाराव साडेसहा फुटी गडी. त्यांनी काय जमिनीवर लोळून नेम धरला?"

जखमेच्या तळाशी चिमट्याला काहीतरी लागलं होतं, ते बाईंनी काचेच्या बाटलीत टाकून फौजदारांपुढे धरलं. नखाएवढा एक पापुद्रा, नारिंगी रंगाचा.

"हे बघा की!" फौजदार उसळले. "काडतुसाचं प्लास्टिक! लालच असतं ते."

"हे नारिंगी आहे."

"रक्तात भिजून रंग बदलला असंल."

बाईंनी बाटली कपाटात ठेवली. त्यांचं लक्ष विठ्ठलरावांच्या हातांकडे गेलं होतं. उजव्या तळव्यावर एक तिरकी रेघ होती. कातडीचं सालपट निघालेलं, भाजल्यासारखं. बाकी तळवा, बोटं, मनगट सगळं धड. दोन्ही टाचांना वाळलेलं शेण लागलं होतं. चेअरमन माणूस, अंगात परीटघडीचा सदरा, आणि टाचा शेणात कशा बरबटल्या? त्यांनी ते सगळं लिहून घेतलं आणि फाटे फोडत उभ्या असलेल्या फौजदारांना एका वाक्यात निकाल दिला.

"विठ्ठलरावांना बंदुकीनं मारलेलं नाही. माझं नाव लावून सांगा वर."

नाव लावून सांगण्यात त्यांना एक वेगळाच आनंद असे. त्या दिवशी तो फार टिकला नाही. संध्याकाळी दवाखान्याच्या पायरीवर एक धनगरीण येऊन बसली. तिच्यामागं रस्ताभर मेंढरं, माना खाली घालून उभी.

"डाक्टरीणबाई तुमीच का?" ती म्हणाली. "मी छबुबाई. गोळी न्हाई म्हणून तुमी सांगितलं म्हणं. मग सुरी असंल म्हणले, आन माज्या मालकाला धरून नेलं. आता सुरी बी न्हाई म्हणून सांगा की."

३

शिवकन्याबाईंना स्वतःचा राग आला. गोळी नाही एवढंच सांगून आपण हात झटकले, आणि उरलेलं अर्धं वाक्य फौजदारांनी आपल्या सोयीनं पुरं केलं. त्या तशाच ठाण्यावर गेल्या.

धुळाजी कोठडीत भिंतीला टेकून बसला होता. पांढऱ्या मिशा, खांद्यावर घोंगडं, आणि नजर अशी की कोठडीच्या आत तो नसून फौजदारच आहेत.

"भांडण झालतं का विठ्ठलरावांशी?" बाईंनी विचारलं.

"झालतं. खोटं कावून बोलू? छावणीत गाय घेत्यात, म्हैस घेत्यात, मेंढरू न्हाई घेत. मी म्हणलं, मेंढराला तहान लागत न्हाई का? लई तोंड वाजवलं मी. ते बी वाजवत होते."

"मग?"

"मग काय. नियमात बसत न्हाई म्हणले, आन जाताजाता हौदाची तोटी सोडून गेले. मागं वळून बगितलं बी न्हाई. माजी मेंढरं रोज तितं पाणी प्यायची. त्या मानसाला मी मारीन व्हय?"

फौजदारांनी मेजावरची सुरी पुढे सरकवली. तिच्यावर वाळलेलं रक्त होतं.

"मेलेल्या कोकराचं कातडं काढलं म्हणतोय. सगळे असंच म्हणतात."

धुळाजी गजापाशी आला. "बाई, तेवढी सुरी हातात घिऊन बगा. माज्या आज्याची हाय. केस धरा तिच्याफुडं, तुटतोय का न्हाई ते बगा. हे म्हणत्यात जखम फाटकी हाय. माज्या सुरीची जखम फाटकी? मारल्याचा आळ घ्या म्हणलात तर एक येळ घीन, पर हे ऐकून घेणार न्हाई!"

बाईंना हसू आलं, आणि त्याच वेळी हा म्हातारा मनापासून आवडला. स्वतःच्या कामाचा असा ताठा त्यांना चांगलाच ओळखीचा होता.

"बरोबर बोलतोय तो," त्या फौजदारांना म्हणाल्या. "सुरी कातडी कापते, कडा स्वच्छ राहतात, वाटेत केस आले तर तेही कापले जातात. विठ्ठलरावांच्या जखमेच्या कडा चेंगरल्यात. केस तुटलेले नाहीत, आत दाबले गेलेत. मांसाचे तंतू आरपार तसेच ताणून राहिलेत. हे पातं बोटभर रुंद आणि पातळ, जखम गोल आणि आतून भलती मोठी. आणि सुरी अंगावर आली की माणूस हात पुढे करतो. तळवा चिरतो, बोटं चिरतात. विठ्ठलरावांच्या हातावर एक चीर नाही."

"गोळी नाही, सुरी नाही, मग काय आभाळातून पडलं?" फौजदार वैतागले. "सुंदररावांनी स्वतः जबाब दिलाय. धुळाजीला ऑफिसमागून पळताना बघितलंय त्यांनी."

"आणि सकाळी काय बघितलं होतं?"

फौजदार घुटमळले. "आप्पारावांची जीप."

"सकाळी जीप दिसली, गोळी नाही म्हटल्यावर धुळाजी दिसला. उद्या सुरी नाही म्हटलं तर मी दिसेन."

"उद्या ह्याला कोर्टात उभा करणार आहे, मॅडम. तुमच्याकडं दुसरं काही असंल तर त्याच्या आत आणा."

बाहेर छबुबाई मेंढरांत उभी होती. एक मेंढी बसली होती आणि उठवूनही उठत नव्हती. बाईंनी दवाखान्याच्या टाकीतली एक बादली तिला देवविली. बादली पाहून मेंढरांनी जी झुंबड केली ती त्यांना बघवली नाही.

परत येऊन त्यांनी कपाटातली बाटली काढली आणि पापुद्रा भिंगाखाली धरला. चिमट्यानं उलटा केला, आणि त्या खुर्चीत ताठ बसल्या.

वरून नारिंगी असलेला तो पापुद्रा खालून निळा होता.

४

सकाळी त्या पहिल्यांदा आप्पारावांकडे गेल्या. आप्पाराव ओसरीवर बसले होते, बंदूक ठाण्यात जमा, चहा पुढे तसाच.

"बार मीच काढला," ते विचारायच्या आधीच म्हणाले. "मोसंबीत रानडुकरं शिरलती. हवेत काढला."

"मग फौजदारांना का नाही सांगितलं?"

"त्यांनी विचारलं न्हाई, कबूल कर म्हणले. मला आसं कुणी म्हणलेलं चालत न्हाई." आप्पारावांनी मिशीवरून हात फिरवला, मग तो हात तसाच खाली आला. "डॉक्टरबाई, मला विठ्ठलला पाडायचा होता. मतपेटीत. सगळ्या गावासमोर. आता कुणाला पाडू? मेलेल्या मानसाला पाडता येत न्हाई, आन तो आता जिकल्याबिगर ऱ्हात न्हाई. सुंदरराव उभा ऱ्हायलाय त्याच्या जागी. गोळी खाल्लेल्या भावाचा फोटो घिऊन."

बाईंनी तिथून छावणीची वाट धरली. तलावाच्या पोटात दावणीमागून दावणी, जनावरं धुळीनं एका रंगाची झालेली, बरगड्या मोजता याव्यात अशी. माणसं त्यांच्याइतकीच मळलेली. पाणी प्यायला पुरत नव्हतं, अंघोळीचं नाव कोण काढतो. एक बाप्या हट्टी खोंडाला आवरत होता. कासरा तळव्याला एक वेढा देऊन त्यानं घट्ट धरला होता, खोंडानं हिसडा मारला तसा दोर हातातून सरकला आणि बाप्यानं शिवी हासडून तळवा तोंडापाशी नेला.

"दाखव हात," बाई म्हणाल्या.

तळव्यावर तिरकी लाल रेघ उठली होती. बाईंच्या बापाच्या हातावर तशी रेघ दर हंगामात असायची. ऊसगाडी ओढणारे बैल उतारावर आवरताना पडलेली. ती आपल्याला टेबलावर ओळखू आली नाही याचा त्यांना क्षणभर विषाद वाटला.

मग त्या एकेक दावण बघत गेल्या आणि शेवटच्या दावणीशी थांबल्या.

तिथं एक बैल उभा होता. पांढराशुभ्र, उंच वशिंडाचा, न्हालेला. साऱ्या छावणीत एकटा न्हालेला. त्याच्या दोन्ही शिंगांना हिरवागार रंग होता, इतका ताजा की उन्हात चकाकत होता. पायाखाली नवी कोरडी माती टाकलेली. शेजारी ट्रक उभा, फळी खाली सोडलेला.

"हा राजा," मागून सुंदरराव म्हणाले. डोकं भादरलेलं, डोळे सुजलेले. "दादाचा जीव होता त्याच्यावर. आता बगवत न्हाई घरात कुणाला. बाजारात धाडतोय."

"न्हाऊ घातलात?"

"बाजारात न्यायचा तर नीट दिसाया नको?"

"आणि शिंगं तासून साळली, रंगवली. दोन्ही."

"एकच कसं साळणार?" सुंदरराव चटकन म्हणाले. "बैलाचं एक शिंग साळलेलं आन एक तसंच, आसं कुटं आसतंय का? लोक तोंडात शेण घालत्याल."

बोलून ते थांबले. पोळा होऊन अर्धं वर्ष उलटलं होतं. घरात सुतक, काल रात्री जाळलेल्या भावाची राख निवली नव्हती, आणि हा माणूस बसून बैलाची शिंगं साळत होता. बाईंनी दोन्ही शिंगांचं विचारलं होतं; एकच साळायची गरज त्याला का पडली होती, हे मात्र त्यानं सांगितलं नव्हतं.

"आधी कुठला रंग होता ह्या शिंगांना?" बाईंनी आजूबाजूच्या माणसांना विचारलं.

दावणीवरच्या माणसांनी खाली बघितलं. चेअरमनच्या घराशी कोण वैर घेणार?

"दर पोळ्याला कोण रंगवतं?"

कडेला उभी एक म्हातारी हळूच म्हणाली, "केसरबाई. हात लावू देत न्हाई दुसऱ्याला."

ट्रकवाल्यानं इंजिन सुरू केलं.

"ट्रक थांबवा," शिवकन्याबाई म्हणाल्या. "विठ्ठलरावांच्या मरणाची चौकशी पुरी झालेली नाही. बैल हलला तर मी सुंदररावांचं नाव लिहून देईन."

५

केसरबाई आतल्या खोलीत घोंगडीवर बसल्या होत्या. कपाळ मोकळं, हात मोकळे. भेटायला आलेल्या बाया रडत होत्या, त्या रडत नव्हत्या. नवरा गेल्यापासून त्यांनी उंबरा ओलांडला नव्हता, रीत तशीच होती.

बाईंनी इतरांना बाहेर जायला सांगितलं आणि बाटली त्यांच्या हातात दिली.

केसरबाईंनी ती उजेडाकडे धरली.

"ह्यो माज्या राजाचा रंग हाय," त्या म्हणाल्या. "तुमाला कुटं गावला?"

"आधी सांगा, नारिंगीखाली निळा कसा?"

"आदल्या पोळ्याला निळा दिलता. दाराला लावून उरलेला." बाईंनी वळून बघितलं. दाराची फळी त्याच निळ्या रंगाची होती. "औंदा दर साल साळतात तशी शिंगं साळणार होते. धनी म्हणले, गावाची जनावरं उपाशी हायती, आपला बैल नटवायचा न्हाई. पर सणाला बैल बोडका कसा ठिवायचा? म्हणून मी न साळताच वरून नारिंगीचा हात फिरवला. निळ्यावरच. धन्यास्नी ते बी आवडलं न्हाई, पर बोलले न्हाईत." त्यांनी बाटली मुठीत मिटली. "आता सांगा. कुटं गावला?"

शिवकन्याबाईंना आयुष्यात पहिल्यांदा उत्तर माहीत असून सांगायला जड गेलं. त्यांनी सांगितलं. सगळं, सरळ. केसरबाई ऐकत राहिल्या, आणि ऐकून झाल्यावर उठल्या.

"वैनी, कुटं निघालात?" दारात एक जाऊ आडवी आली. "सुतक हाय, वैनी."

"म्हाईत हाय मला," केसरबाई म्हणाल्या आणि त्यांनी उंबरा ओलांडला.

भर दुपारी, उघड्या रस्त्यानं, त्या डोक्यावर पदर घेऊन छावणीकडे चालल्या. मागं शिवकन्याबाई. पारावरचे उठून उभे राहिले. आप्पाराव ओसरीवरून उतरले आणि मागं लागले. फौजदारांना निरोप गेला होता, ते जीपमधून धुळाजीला घेऊन कोर्टाऐवजी छावणीवरच आले. मेंढरांसकट छबुबाई आधीपासून तिथं होती.

राजानं केसरबाईंना बघितलं आणि हंबरला. त्या सरळ त्याच्यापाशी गेल्या, उजव्या शिंगावर हात ठेवला. नखानं खरवडलं. हिरव्याखाली कोरं पांढरं शिंग निघालं.

"भावजी," त्या वळल्या, "माजा नारिंगी कुटं गेला?"

सुंदरराव एक पाऊल मागं सरले.

"मी सांगते," शिवकन्याबाई म्हणाल्या. आवाज त्यांनी साऱ्या छावणीला जाईल असा लावला. "गोल जखम, कडेला घासलेली कातडी, म्हणून सगळे गोळी म्हणाले. बैलाचं शिंगही तशीच कड पाडतं. पण शिंग खालून वर शिरतं, मांस कापत नाही, चेंगरतं, आणि आत जाऊन वाट रुंद करतं. विठ्ठलरावांच्या पोटात ह्या शिंगाच्या रंगाचा पापुद्रा सापडलाय. टाचांना शेण होतं, पाठीला भुसा, आणि पंचनाम्यात ऑफिससमोर रक्त जवळजवळ नाहीच. रक्त इथं आहे, ह्या नव्या मातीखाली. ते इथं पडले आणि तिथपर्यंत ओढत नेले. बंकटराव, माती उकरून बघा."

शिपायानं फावडं घातलं. दोन टोपली माती निघाली आणि खालची काळी पडलेली जमीन दिसली.

सुंदररावांनी हात जोडले.

"मी मारलं न्हाई वैनी! मी पोचलो तवर दादा गेलता. खंडोबाची आन!"

"ते खरं आहे," शिवकन्याबाई म्हणाल्या. "आतली मोठी रक्तवाहिनी फुटली होती. कुणालाच काही करता आलं नसतं."

"मग कावून केलं हे?" केसरबाईंनी विचारलं. "ह्या धनगराला कावून अडकवलं?"

"लोक हसले असते वैनी! संघाचा चेअरमन, परदर्शनात बक्षीस घेतलेला बैल, आन त्याच बैलानं मारला! आप्पाराव टपऱ्याटपऱ्यांवर सांगत फिरला असता. बार वाजलेला मी ऐकला, आन तोंडातून निगून गेलं. एकदा निगालं ते माघारी घेता आलं न्हाई. गोळी न्हाई म्हणले तवा म्हणलं, सुरी तर सुरी. दादाचं मरान मोठं झालं पायजे, एवडंच..."

आप्पाराव बोलायला पुढे सरसावले आणि थांबले. केसरबाईंनी हात वर केला होता.

"राजानं कदी कुणाला मारलं न्हाई," त्या शिवकन्याबाईंना म्हणाल्या. "मीच त्याला भाकर चारत आलेय. मग काल कसं?"

शिवकन्याबाईंनी सुंदररावांकडे बघितलं. "तुम्ही काय बघितलंत, ते खरं सांगा. आता तरी."

सुंदररावांनी मान खाली घातली. "टँकरचा हॉर्न वाजला. वाऱ्यावर पाण्याचा वास आला आसंल, राजानं दावं तोडलं आन रस्त्याकडं उधळला. रस्त्यावर साऱ्या बाया घागरी घिऊन, पोरंसोरं, मुंग्यांवानी. दादानं धावत जाऊन कासरा धरला. मी लांबून वरडलो, सोड दादा, सोड! त्यानं कासरा हाताला गुंडाळला. वढत वढत राजाला माघारी दावणीपतुर आणला. तितं राजा फिरला."

छबुबाईनं तोंडावर पदर धरला.

"मी व्हते की टँकरवर," ती म्हणाली. "पयल्या रांगत. पाठ करून."

"माझी सून होती," आप्पाराव हळू म्हणाले. "नातवाला घिऊन."

शिवकन्याबाई केसरबाईंजवळ गेल्या. "त्यांच्या उजव्या तळव्याला कासऱ्याची रेघ होती. खोल. मी बापाच्या हातावर अशा रेघा बघत मोठी झाले. माणसानं दोर सोडला तर अशी रेघ उमटत नाही. शिंग लागलं तेव्हाही त्यांनी सोडला नव्हता."

केसरबाईंचे डोळे तेव्हा पहिल्यांदा भरून आले. त्यांनी ते पुसले नाहीत.

"भावजी, ह्याला तुमी हसण्यावारी मरान म्हणता व्हय? दुश्मनाची गोळी कुणाला बी लागती, त्यात काय मोठं हाय?" त्या भोवतीच्या माणसांकडे वळल्या. "ऐका सगळ्यांनी. माजा धनी गोळीनं मेला न्हाई. सुरीनं मेला न्हाई. तुमच्या बाया वाचवताना, हातातला कासरा न सोडता मेला. आसं सांगा तालुक्याला. माज्या दारात फोटो लावायचा तर त्याच्याखाली हे लिवा."

आप्पारावांनी डोक्याची टोपी काढली. फौजदारांनी न सांगता धुळाजीच्या बेड्या सोडल्या आणि मग, काय करावं न कळून, स्वतःचीही टोपी काढली.

केसरबाई ट्रकपाशी गेल्या आणि त्यांनी खाली सोडलेली फळी वर ढकलली.

"बैल कुटं जाणार न्हाई. तहानलेल्या जनावराला पाण्याचा वास आला, त्यात त्याचा काय गुन्हा?" मग त्या धुळाजीकडे वळल्या. "पाव्हणं, तुमची मेंढरं आमच्या घराच्या खोट्यापायी तहानलेली ऱ्हायली. नियम बियम मला सांगू नगा कुणी. धनी मागं न बघता तोटी सोडायचे. मी बघून सोडते."

त्यांनी हौदाची तोटी फिरवली. मेंढरं आधी बिचकली आणि मग एकदम धावली. पाण्याच्या आवाजानं राजानंही मान उंचावली, पाय आपटला, दावं ताणलं. माणसं मागं सरली.

केसरबाई मागं सरल्या नाहीत. त्यांनी राजाचा कासरा उचलला, उजव्या तळव्याला एक वेढा दिला, आणि त्याला सावकाश पाण्यावर घेऊन गेल्या.